गाणं, मोबाइल आणि इंटरनेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पार्ल्यातल्या आमच्या गाण्याच्या वर्गातून आणि महिन्याच्या घरगुती बैठकीला येणाऱ्या मंडळींकडून व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळे हिंदुस्तानी कंठसंगीताच्या अंगाने आहेत. एकच उत्तर दोनदा लिहिण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मतं माझी आहेत, भांडायला बैठकीत यावं.

१. मुलगी नुकतीच गाणं शिकायला लागली आहे. खरा तानपुरा घ्यावा की मोबाइलवरचं ॲप पुरेल?

पहिली दोन-तीन वर्षं ॲप पुरे. वन-बीएचकेत तानपुरा ठेवायला कोपरा सापडत नाही. सापडला तरी पावसाळ्यातल्या दमट हवेत तारा गंजतात, सूर टिकत नाही, आणि मुलीचा निम्मा रियाज खुंट्या पिळण्यात जातो. हल्लीच्या ॲपमधला आवाज खऱ्या तानपुऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून घेतलेला असतो. पूर्वी ज्यांनी पेटीवजा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यावर रियाज केला, त्यांना हा फरक लगेच कळतो.

मात्र मोबाइलच्या स्पीकरवर खर्ज (सगळ्यात खालचा ‘सा’) ऐकू येत नाही. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत, गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्‌झचा असतो, खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्‌झच्या आसपास. तो चिमुकला स्पीकर एवढं खाली उतरूच शकत नाही, आपल्याला ऐकू येतात ते वरचे उपस्वर. तेव्हा जरा मोठा स्पीकर जोडा.

आणि तानपुरा लावायला शिकणं हीसुद्धा तालीमच आहे. घोडीवर दोरा सरकवत जवारी (तारेचा गुंजणारा झंकार) काढताना, जोडाच्या दोन तारा एकमेकींत मिसळल्या की नाही हे ठरवताना जो कान तयार होतो, तो बटण दाबून होत नाही. मुलगी टिकली, ख्याल गाऊ लागली, की मिरजेचा तानपुरा घ्या. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. दादरच्या हरिभाऊ विश्वनाथसारख्या जुन्या दुकानात जाऊन, छेडून, ऐकून घ्या. ऑनलाइन मागवू नका.

२. ॲपमध्ये पहिली तार कशावर ठेवायची? आमच्याकडे कायम पंचमावरच असते.

बहुतेक रागांना पंचम बरोबर. मालकंसात पंचम नाही, तिथे मध्यम ठेवा. मारवा, पूरियाला निषाद. ॲपचा पंचम तसाच चालू ठेवून मालकंस गाणारी मुलं दर वर्षी भेटतात. दुसरं, घरातली जुनी पेटी आणि ॲप यांची पट्टी (‘सा’ची उंची) तंतोतंत जुळेलच असं नाही. ॲपमध्ये पट्टी बारीक-बारीक वरखाली करायची सोय असते, ती वापरून ॲप पेटीला जुळवा.

३. ट्यूनर ॲप माझा गंधार ‘बरोबर’ दाखवतं, पण बाई म्हणतात चढा लागतोय. खरं कोण?

बाई. बहुतेक ट्यूनर पाश्चात्त्य समान अंतराच्या सप्तकावर चालतात. त्यात सप्तकाचे १२०० सेंट धरून प्रत्येक स्वराला सारखे १०० वाटून दिलेले असतात, म्हणून शुद्ध गंधार ४०० वर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप उमटतो, तो ३८६ च्या आसपास असतो. हे १४ सेंट म्हणजेच बाईंचं ‘चढा’. पंचमात मात्र फरक जेमतेम २ सेंटचा, त्यामुळे पंचमावर भांडण होत नाही.

हे भांडण मोबाइलच्या बरंच आधीचं आहे. याच तक्रारीवरून १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला दार बंद केलं होतं, ते १९७१ पर्यंत उघडलं नाही. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम बनवली, तीही याच दुखण्यावर. काही ट्यूनरमध्ये समान अंतराचं सप्तक बदलून नैसर्गिक सप्तक निवडता येतं. ते जरूर करा, पण दरबारीच्या गंधारावर ट्यूनर धरू नका. तो आंदोलित, म्हणजे हळू झुलणारा, स्वर आहे, काटा एका जागी थांबणारच नाही, आणि थांबला तर दरबारी गेली म्हणून समजा.

स्वर नुसता कुठे आहे यापेक्षा तो कुठून कसा आला हे बघायचं असेल, तर नरिमन पॉइंटच्या एनसीपीएने ॲमस्टरडॅम विद्यापीठाबरोबर केलेला ‘ऑट्रिम’ प्रकल्प शोधा. गाणं चालू असताना मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणं) आणि आंदोलन रेषेच्या रूपात पडद्यावर सरकत जातं. ट्यूनरपेक्षा हे कितीतरी उपयोगी. विद्यार्थ्यांना मी दाखवते, पण आधी दहा वेळा नुसतं ऐकायला लावते.

४. तबल्याच्या ॲपवर रियाज केला तर लय पक्की होते का?

लय पक्की होते. सम (तालाची पहिली मात्रा) गाठायची सवय मात्र अर्धीच लागते. मध्यलय आणि द्रुतात तानांची मोजणी बसवायला, तबल्याच्या विद्यार्थ्यांना लेहरा (तालात पुन्हा पुन्हा फिरणारी धून) म्हणून, ॲपसारखी सोय नाही. अडचण विलंबितात येते. मिनिटाला १२ मात्रांचा विलंबित एकताल घेतला तर एक आवर्तन पूर्ण मिनिटाचं. एवढ्या मोठ्या अवकाशात ॲप भिंतीवरच्या घड्याळाच्या निष्ठेने चालत राहतं. माणूस तबलजी तुमचा मुखडा (समेवर नेणारी बंदिशीची ओळ) येताना ऐकतो, शेवटच्या दोन मात्रांत ठेका किंचित भरतो किंवा सैल सोडतो. ही देवाणघेवाण ज्याने अनुभवलीच नाही, तो पहिल्या मैफलीत तबलजीकडे न बघता गातो. लांबून पाहणाऱ्यालाही ते कळतं.

ब्लूटूथ हेडफोनवर ॲप लावून स्वतःचं रेकॉर्डिंग करत असाल, तर आवाज कानात यायला सेकंदाच्या दहाव्या ते पाचव्या भागाएवढा उशीर होतो. रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही सगळीकडे मागे पडलेले ऐकू याल. वायरचा हेडफोन घ्या.

५. झूमवर शिकताना माझा तानपुरा गुरुजींना ऐकूच जात नाही. का?

कारण सतत एकसारखा येणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं त्या सॉफ्टवेअरला शिकवलेलं आहे. तानपुरा त्याच खात्यात जमा होतो आणि पुसला जातो. लांबलेला षड्जही याच कारणाने मध्येच विरतो, आणि गुरुजींना वाटतं दम कमी पडला. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ‘ओरिजिनल साउंड’ असा पर्याय आहे, तो चालू करा. वर्ग सुरू झाल्यावर पडद्यावरही तो चालू आहे ना हे बघा. दोन्हीकडे आपापला तानपुरा लावून वायरचे इयरफोन वापरले, तर गोंधळ बराच कमी होतो.

६. चांगलं फायबर कनेक्शन घेतलं तर गुरुजींबरोबर एकाच वेळी गाता येईल का?

गुरुजी कुठे आहेत त्यावर अवलंबून आहे. हवेतून आवाजाला साडेतीन मीटर जायला साधारण १० मिलिसेकंद लागतात. स्टेजवर तबलजी दीड मीटरवर असतो, म्हणजे उशीर ४-५ मिलिसेकंदांचा. साधारण ३० मिलिसेकंदांपुढे गेलं की दोघं एकमेकांची वाट बघू लागतात आणि लय आपोआप खाली बसते. झूमसारख्या सेवेत उशीर शंभराच्या पुढे सहज जातो, कारण आवाज दाबून, तुकडे करून, पुन्हा जुळवून पाठवला जातो. महाग प्लॅनने हा वेळ थोडाच वाचतो.

जॅमुलस, सोनोबस, जॅकट्रिप ही खास संगीतकारांसाठी केलेली साधनं तो प्रक्रियेचा वेळ खूप कमी करतात. मुंबई-पुणे अंतरावर, दोन्हीकडे वाय-फाय न वापरता केबल लावून, ऑडिओ इंटरफेस असेल तर एकत्र गाणं जमण्यासारखं आहे. पण शिष्य न्यू जर्सीत असेल तर विषय संपला. काचेच्या तंतूतून प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. साडेबारा हजार किलोमीटरला एका बाजूने किमान ६० मिलिसेकंद लागणारच. त्यावर कुठल्याही कंपनीकडे उपाय नाही.

म्हणून ऑनलाइन तालीम ‘मी गाते, मग तू गा’ अशीच होते. बंदिश सांगायला, पाठ करून घ्यायला, तोडून दुरुस्त करायला ती पुरते. हरवतं ते गुरूच्या आवाजाच्या मागोमाग आपला आवाज सोडणं, त्यांच्या स्वरावर आपला स्वर टेकवून चालणं. आलापाची जागा कशी घ्यायची हे त्यातूनच कळायचं. परदेशातल्या शिष्यांनी वर्षातून महिनाभर तरी इथे येऊन राहावं असं मी सांगते, ते एवढ्यासाठीच.

७. तालमीचं रेकॉर्डिंग न विचारता केलं तर चालेल? स्वतःपुरतंच तर आहे.

विचारा. कायद्याचा मुद्दा वेगळा (प्रश्न १२ पाहा), पण तालमीत गुरू चुकतात, अर्धवट सोडतात, दुसऱ्या गायकाबद्दल दोन शब्द बोलतात. ते फिरायला लागलं तर पुढच्या वेळी तुम्हाला जपूनच शिकवतील. परवानगी मिळाली तरी घरी जाऊन आधी आठवणीतून बंदिश लिहून काढा, मग रेकॉर्डिंगवरून तपासा. उलट क्रमाने केलं की दोन वर्षांनी फोनमध्ये तीनशे फाइली असतात आणि गळ्यात चार बंदिशी.

८. वडिलांकडे जुन्या मैफलींच्या कॅसेट आहेत. त्या मोबाइलवर कशा घ्यायच्या?

गिरगाव, दादर, पार्ले, मुलुंड इथल्या किती कपाटांत असा ऐवज पडलेला आहे याचा अंदाज करवत नाही. कुणाच्या दिवाणखान्यातली बैठक, ब्राह्मण सभेतला एखादा रात्रभराचा कार्यक्रम, रेडिओवरून उतरवून घेतलेलं गाणं. विक्रीला कधी न आलेलं हे ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा एकुलतं एक असतं. म्हणून घाई करू नका.

फितीवर पांढुरकी बुरशी दिसली तर कॅसेट वाजवूच नका, हेडला लागून ती दुसऱ्या कॅसेटवर जाते. अशा कॅसेट वेगळ्या करून जाणकाराकडे द्या. फीत दाबून धरणारी नमद्याची बारीक गादी निखळली असेल, तर फीत स्क्रूच्या नव्या डबीत हलवता येते. कॅसेट-यूएसबीची स्वस्त प्लास्टिक यंत्रं टाळा, त्यांचा वेग डोलतो आणि षड्जच हलतो. जुना चांगला डेक दुरुस्त करून घ्या, दर दोन-तीन कॅसेटींनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रत्येक कॅसेटसाठी हेडचा कोन थोडा फिरवून, तानपुरा सगळ्यात स्वच्छ कुठे ऐकू येतो ते बघा. या एका गोष्टीने जेवढा फरक पडतो तेवढा नंतरच्या कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही.

मूळ प्रत वेव्ह फाइलमध्ये, २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्‌झवर घ्या. ९६ वर स्टिरिओचा एक तास साधारण २ जीबी होतो. एमपी-थ्री वाटण्यापुरती ठीक. मूळ प्रतीतला खरखराट काढू नका. आज ‘स्वच्छ’ करताना तानपुराही धुऊन निघतो (कारण प्रश्न ५ मध्ये आहे), आणि दहा वर्षांनी याहून चांगली साधनं आली तर त्यांना द्यायला मूळ शिल्लक हवं. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी.

सगळ्यात महत्त्वाचं काम यंत्राचं नाही. वडिलांना शेजारी बसवा आणि विचारून लिहा : कोण गातंय, कुठे, साधारण कुठल्या साली, राग, तबल्याला कोण, पेटीला कोण, मागे ‘क्या बात है’ म्हणणारा आवाज कुणाचा. हे आता नाही लिहिलं तर नंतर कुणी सांगू शकणार नाही.

९. जुन्या रेकॉर्डवर तोच गायक यूट्यूबवर वेगवेगळ्या पट्टीत का ऐकू येतो?

तबकडी कुठल्या वेगाने फिरवून उतरवली त्यावर ते ठरतं. ‘७८ फेऱ्यांची’ म्हणतो त्या सगळ्या तबकड्या ७८ वरच मुद्रित झाल्या होत्या असं नाही. ८० ची तबकडी ७८ वर वाजवली की आवाज ४४ सेंट उतरतो, म्हणजे जवळपास अर्धी पट्टी. गायकाची पट्टी, तानांचा वेग, आवाजाची जात, तिन्ही बदलतात. तेव्हा ‘खाँसाहेब अमुक पट्टीत गायचे’ असं एका अपलोडवरून ठरवू नका. आणि ते तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं म्हणजे त्यांची गायकी, असंही समजू नका. तबकडीत मावेल एवढंच ते आहे. अर्थात तेवढ्यातही काय करता येतं त्याचा नमुना म्हणजे केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहां हो’. १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सुवर्णतबकडीतून ती सूर्यमालेबाहेर निघाली.

१०. स्ट्रीमिंगवर राग शोधला की भलतंच येतं. नीट ऐकायचं कसं?

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी पहिल्या तबकड्या भरल्या तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या मोठ्याने ‘माय नेम इज गौहर जान’ म्हणत, म्हणजे परदेशी कारखान्यात तबकडीवर नाव बरोबर चिकटावं. एवढीही काळजी आजच्या याद्यांत घेतलेली नसते. राग शीर्षकात कोंबलेला, तबलजी गायब, बंदिशकाराचा पत्ता नाही. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा काउंटरवर ‘मोगूबाईंचं काय आहे?’ विचारायची जागा गेली, ती कुठल्याही सर्च बॉक्सने भरून निघालेली नाही.

उपाय असा : रागाऐवजी गायकाच्या नावाने शोधा, अल्बम पूर्ण ऐका, दोन गाणी एकमेकांत मिसळणारं ‘क्रॉसफेड’ बंद करा. नाहीतर बड्या ख्यालाचा शेवट छोट्या ख्यालावर सांडतो. ‘ऑटोप्ले’ही बंद. आणि आकाशवाणीची ‘रागम’ वाहिनी लावा. २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत, मोबाइलवर, फुकट.

११. यूट्यूबवर मीच गायलेली भैरवी टाकली आणि ‘कॉपीराइट क्लेम’ आला. मी काय चोरलं?

बहुधा काहीच नाही. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ यंत्रणा ध्वनीचे ठसे जुळवते. तुम्ही वापरलेल्या ॲपचा तानपुरा किंवा ठेका दुसऱ्या कुणाच्या अल्बममध्ये असेल, तर जुळणी तिथेही होऊ शकते. पारंपरिक चीज असेल तर चालीच्या साम्यावरूनही दावा लागतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, चॅनेल बंद होत नाही. नीट वाचून हरकत नोंदवा, दावेदाराला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. ‘पारंपरिक बंदिश, गायन माझं स्वतःचं’ एवढं स्पष्ट लिहा. सूर लावल्यापासूनचं सलग, न कापलेलं रेकॉर्डिंग जपून ठेवा.

१२. मग बंदिश नेमकी कुणाच्या मालकीची? आणि मैफलीचं मोबाइल-रेकॉर्डिंग टाकलं तर?

राग कुणाचाच नाही. बंदिश रचनाकाराची, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘चतुर’ नावाने रचना करणारे भातखंडे १९३६ साली गेले, त्या रचना केव्हाच मोकळ्या झाल्या. ‘गुणीदास’ म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित गेले १९६८ साली, त्यांची मुदत २०२८ अखेर संपते. वर्गात शिकवायला-गायला कुणी अडवत नाही. अल्बम काढताना मात्र विचारा आणि नाव द्या. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, तो प्रसिद्धीपासून ६० वर्षं.

घराण्यात तोंडी आलेल्या रचनेचा कर्ता सिद्ध कसा करायचा, हा अवघड भाग. डागर घराण्याच्या शिवस्तुतीवरून एका चित्रपटगीताविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात वाद गेला. २०२५ च्या एप्रिलमध्ये एकल पीठाने डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. गाणारे तेच म्हणून रचणारेही तेच, असं प्रथमदर्शनी धरता येत नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा. तेव्हा नवी बंदिश रचलीत तर तारखेसह लिहून, गाऊन, नोंदवून ठेवा.

मैफलीबद्दल : कलाकाराला आपल्या सादरीकरणावर ५० वर्षं हक्क असतो. खासगी वापरासाठी किंवा निव्वळ शिकवण्या-संशोधनासाठी केलेलं मुद्रण कायदा उल्लंघन मानत नाही, पण अपलोड केलंत की ते खासगी राहत नाही. शिवाय सभागृहाचे नियम वेगळे. आणि कृपा करून पुढच्या रांगेत फोन उंच धरू नका, मागच्यांनी तिकीट गायिका बघायला काढलेलं असतं.

१३. स्ट्रीमिंगमधून शास्त्रीय गायकाला काही मिळतं का?

फारच थोडं. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एक ‘प्ले’ धरतात. तीन मिनिटांच्या गाण्याचा एक, पन्नास मिनिटांच्या तोडीचाही एकच. २०२४ पासून, मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या ट्रॅकला मानधनच नाही. मग काय होतं? आलाप वेगळा ट्रॅक, विलंबित वेगळा, द्रुत वेगळा. पहिल्या ३० सेकंदांत काहीतरी ‘पकडणारं’ हवं म्हणून बडा ख्याल थेट मुखड्यावर येतो. तबकडीने तीन मिनिटांची चौकट घातली होती, ही अर्ध्या मिनिटाची आहे, आणि माझ्या मते जास्त घातक, कारण ती दिसत नाही. आवडलेल्या कलाकाराला पैसे पोचवायचे असतील तर तिकीट काढा, किंवा अल्बम थेट त्याच्याकडून विकत घ्या.

१४. रेकॉर्डिंगमध्ये ऑटोट्यून वापरणं म्हणजे फसवणूक का?

फसवणुकीचं नंतर बघू, आधी ते नीट चालतच नाही. ते स्वराला जवळच्या घरात ओढतं. मींडेला घर नसतं, ती वाटेवरच असते. कण (स्वराला चाटून जाणारे निसटते स्वर) कापले जातात आणि गंधार ४०० वर जाऊन बसतो (प्रश्न ३). एखादा स्वर हाताने सरळ करणारे स्टुडिओ आहेत, चांगल्या कानाच्या माणसाकडून झालं तर कळत नाही. परीक्षेला किंवा स्पर्धेला पाठवायच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र मुळीच नको.

१५. आजोबा गायक होते. त्यांच्या टेप एआयला देऊन त्यांच्या आवाजात नवा राग गाऊन घेता येईल का?

आवाजाचा रंग उतरवता येतो, ते तंत्र आहेच. रागाचं चलन (त्यातल्या स्वरांची चाल) ही वेगळी गोष्ट. आरोह-अवरोहात बसणारे स्वर एआय जुळवतं, पण भूप आणि देशकार यांचे स्वर तेच असतात आणि राग दोन. यंत्राला हा फरक शिकवण्याचं संशोधन आपल्या पवईतही झालं आहे. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने चालवलेल्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात आयआयटी मुंबईचा गट होता. पण ते राग ओळखण्याचं, रचना समजून घेण्याचं काम होतं, मेलेल्या माणसाला गायला लावण्याचं नव्हे.

कायद्यात हयात कलाकाराला आधार मिळू लागला आहे. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. मृत व्यक्तीचं तसं नाही. नाव, चेहरा, आवाज यांवरचे हे हक्क व्यक्तीबरोबर संपतात, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका दिवंगत अभिनेत्याच्या प्रकरणात घेतली. म्हणजे आजोबांच्या बाबतीत तुम्हाला कायदा कदाचित अडवणारही नाही.

मी मात्र सांगेन, नको. जो राग त्यांनी गायला नाही, तो न गाण्यामागे त्यांचं काही कारण असेल. एआयचा दुसरा उपयोग करा. आवाज आणि तबला वेगळे करणारी साधनं आता सहज मिळतात. गर्दीच्या बैठकीत टेबलावर ठेवलेल्या टेपरेकॉर्डरने बुजवून टाकलेला आजोबांचा आलाप त्या साधनांनी सुटा करून ऐकता येतो. मूळ फाइलीला हात न लावता प्रतीवर करा, आणि तबल्यावर कोण होतं ते फाइलीच्या नावात लिहायला विसरू नका.